बिनदोऱ्याचं बूच

जुन्या गाडीतून तेल गळतं. गळणारच. गळायचं थांबलं तर समजावं, आत तेलच उरलेलं नाही. हे काका इतक्या लोकांना इतक्या वेळा ऐकवत आले होते की काकूंना ते तोंडपाठ झालं होतं. गाडी त्यांच्या लग्नाहूनही जुनी. पण घरात आली ती काका छापखान्यातून निवृत्त झाल्यावर. कुणा डॉक्टरांच्या आवारात पालापाचोळ्याखाली गंजत पडली होती, ती यांनी ओढून आणली आणि इमारतीच्या तळमजल्यावरच्या आपल्या गाळ्यात उभी करून सगळी खोलली. कैक महिने नुसता सांगाडा. काकू तिला सवत म्हणायच्या. शेजारीपाजारी हसायचे, काकाही हसायचे, आणि एक दिवस सवत खरोखर चालू झाली तेव्हा पुढच्या सीटवर सगळ्यांच्या आधी काकूच जाऊन बसल्या.

काका छापखान्यात मशीनमन होते. मोठमोठी यंत्रं खोलायची आणि पुन्हा जशीच्या तशी बसवायची, यातच हयात गेली. माणूस शिस्तीचा, म्हणजे अगदी जीव नकोसा करणारी शिस्त. यंत्र खोललं की त्याच्या उघड्या भोकांतून आत धूळ जाते, म्हणून काम चालू असताना प्रत्येक भोकात चिंधी गुंडाळलेलं बूच बसवायचं, आणि प्रत्येक बुचाला हातभर लाल दोरा बांधायचा. दोरा बाहेर लोंबत असला की काम संपल्यावर बूच आत विसरत नाही. छापखान्यात कुणाचंसं बूच आत राहून एक यंत्र बसलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. गाडीलाही तोच नियम. काम चालू असलं की सवत लाल दोऱ्यांनी नटलेली असायची.

आता या शिस्तीच्या मुळाशी एक भीती होती, आणि ती काकूंना ठाऊक होती. सासऱ्यांनी शेवटची वर्षं याच घरात काढली, आणि आपण कुठे आहोत हे न कळता काढली. पोटच्या पोराला ते शाळेतले मास्तर समजायचे. अहो मास्तर, मला घरी सोडा हो, म्हणून हात जोडायचे. काका त्यांच्याजवळ बसून म्हणायचे, बरं बरं, सोडतो हं. आणि मग गॅलरीत जाऊन उभे राहायचे. वडील गेल्यावर ते त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. फक्त एकदा, गाडीखालून सरकत बाहेर आले आणि हात पुसता पुसता बायकोला म्हणाले,

"ही गाडी मला पाठ आहे तोवर मी आहे. हिच्यात मी काय केलं तेच मला आठवेनासं झालं ना, तर किल्ली काढून घे माझ्याकडून."

काकू म्हणाल्या, आधी वर चला, आमटी गार होतेय. पण ते वाक्य त्यांच्या मनात रुतून बसलं.

म्हणूनच तर त्यांनी सांभाळून घ्यायला सुरुवात केली. वय झालं की कुणाचा चष्मा हरवत नाही? काकांचाही हरवायचा. फ्रिजवर सापडला की काकू म्हणायच्या, मीच ठेवला होता, पुसायला घेतला होता. दूध उतू गेलं, मीच गॅस मोठा ठेवला. नळ चालू राहिला, मीच बादली लावली होती बाई. काकांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे यायचं ते काकूंना बघवत नसे, आणि एवढ्याशा खोट्यानं कुणाचं काय बिघडतंय, असं त्यांना वाटायचं. चांगल्या मनाची माणसंच असले घोळ घालून ठेवतात, काय करणार!

दुसरं एक खोटं त्याहून जुनं होतं. काका गाडीखाली शिरले की काकू बॅटरी धरायला बसायच्या. खालून काका शिकवत राहायचे. हे क्रँकचं, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं सील, याची ओठासारखी कड असते, ती क्रँकला घट्ट बिलगून बसते, म्हणून तेल आत राहतं. ही खाली वळलेली नळी बघ, हे इंजिनाचं नाक, इथून ते श्वास सोडतं, याच्या टोकाला थेंब दिसला तर घाबरायचं नाही. काकू म्हणायच्या, हं. उजेड नीट धरायच्या आणि मनात संध्याकाळच्या भाजीचा विचार करायच्या. काकांना वाटायचं, आपली बायको अर्धी मेकॅनिक झाली. चारचौघांत तसं सांगायचेसुद्धा, आणि काकू पदराआड हसायच्या.

तर झालं असं की इमारतीच्या कमिटीनं तळमजल्याला नवीकोरी पांढरी फरशी बसवली. सेक्रेटरी वर येऊन अदबीनं सांगून गेले की काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण फरशीवर तेलाचा एक डाग जरी दिसला तर गाडी बाहेर काढावी लागेल. काका कामाला लागले. खालचा पत्रा काढला, नवं पॅकिंग घातलं, नट आवळले, ती श्वासाची नळी काढून धुऊन पुसून परत बसवली. गळती कमी झाली, पण कमिटी बघायला येणार त्या सकाळी काका दवाखान्यात डोळे तपासायला गेले होते आणि काकू फडकं घेऊन खाली उतरल्या तेव्हा पाहतात तो काय, त्या वळलेल्या नळीच्या टोकाला एक काळा टपोरा थेंब, आता पडू की मग पडू करत लोंबतोय.

सेक्रेटरींचा आवाज जिन्यात ऐकू येत होता. काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. फळीवर औषधाच्या जुन्या बाटलीचं एक बूच होतं. कमरेला खोचलेल्या फडक्याची चिंधी फाडून त्यांनी त्याला गुंडाळली, अगदी काका गुंडाळतात तशी, आणि बूच नळीत अंगठ्यानं आतवर दाबून बसवलं. दोरा बांधायचं त्यांच्या ध्यानीमनीही आलं नाही. कमिटी आली, वाकून पाहिलं, फरशी लख्ख. सेक्रेटरींनी तर कौतुक केलं.

काका परत आले ते थेट गाळ्यात गेले. वर आले तेव्हा चेहरा असा उजळला होता की काकू बघतच राहिल्या. "बघितलंस का? त्या नळीलासुद्धा थेंब नाही. हात अजून चालतो म्हणायचा माझा." काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण इतक्या दिवसांनी माणूस शीळ घालत हात धूत होता. म्हटलं, आज राहू दे, उद्या सांगू, काढून टाकू बूच. उद्या मुलीचा फोन आला, परवा पाहुणे आले, आणि मग बूच काकूंच्या डोक्यातून साफ गेलं. हो, विसरल्या त्या! विसरण्याची भीती काकांना, आणि विसरल्या काकू.

पुढे जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. त्याच आठवड्यात गाडी एक चक्कर मारून आली आणि इंजिनाच्या मागून तेल टपकायला लागलं. टपकायला म्हणजे, जवळजवळ वाहायलाच. काका म्हणाले, क्रँकचं मागचं सील गेलं. ते बदलायचं म्हणजे पोरखेळ नव्हे. गिअरबॉक्स साखळीला टांगून उतरवायचा, क्लच काढायचा, तेव्हा कुठे त्या बांगडीएवढ्या सीलपर्यंत हात पोचतो. सत्तरीच्या माणसानं पाठीवर झोपून ते सगळं केलं. नवं सील तेलात बुडवून, कड दुमडत नाही ना हे बोटानं चाचपून, लाकडी ठोकळ्यानं चहूबाजूंनी हलके ठोकत बसवलं. काकू बॅटरी धरून हं म्हणत होत्या. गाडी जोडली, चालवली, आणि मागून पुन्हा तेल.

काका म्हणाले, माझ्याकडून वाकडं बसलं असेल. पुन्हा उतरवलं, दुसरं बसवलं. आता मागून गळालं ते गळालंच, पुढच्या सीलमधूनही सुरू झालं. पुढचं बदललं तर तेल मोजायची पट्टीच आपल्या जागेवरून उसळून वर येऊ लागली आणि बॉनेट आतून काळं झालं. एकीकडे बंद करावं तर दुसरीकडून फुटतंय. काकांनी फरशीवर पत्रे अंथरले, पत्र्यांवर पुठ्ठे, पुठ्ठ्यांवर भुसा. सेक्रेटरींना पाहिलं की ते शटर अर्धं ओढून घ्यायचे. त्या नळीकडे मात्र त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी धुऊन बसवली होती ना, आणि तिला थेंबही नव्हता.

माणूस हळूहळू खचला. जेवताना मध्येच थांबून म्हणायचे, कड मी साफ केली होती ना गं? काकू म्हणायच्या, केली होती, मी पाहिली. पाहिली कसली, त्यांचं लक्ष कुठे होतं! दाढी करताना काका आरशात ओठ हलवत असायचे. काकूंनी कान देऊन ऐकलं, तर ते इंजिनाचा एकेक नट क्रमानं आठवत होते, आणि एका जागी अडखळून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.  काकूंना काही म्हणजे काही करता येत नव्हतं. उजेड धरण्यापलीकडे त्या घरात त्यांना दिलेलं काम तरी काय होतं!

शेवटी काकांनी नाक मुठीत धरून वस्तादला बोलावलं. वस्ताद म्हणजे त्यांचा जुना दोस्त, स्टेशनामागे त्याचं गॅरेज. या गाडीला आजवर काकांखेरीज कुणाचा हात लागला नव्हता, त्यामुळे बोलावणं आलं तेव्हा वस्तादलाच धक्का बसला. सकाळी आला, गाडी चालू करायला लावली, पट्टी उसळली तशी म्हणाला, अरे, ही आतून फुगलीय, हिला श्वास सोडता येत नाहीये. सीलं बिचारी काय करतील, आतून जोर आला की नव्यातलं नवं सीलही तेल सोडणारच. असं म्हणून तो खाली शिरला. काकू तेव्हा वर चहा टाकत होत्या.

कप घेऊन त्या खाली आल्या तर वस्तादचं हसू गाळ्यात मावत नव्हतं. लेका, म्हातारा झालास, साफ करताना बूच घातलंस आणि तसंच ठेवलंस की, दोन्ही सीलं फुकट बडवलीस. काका स्टुलावर बसले होते. तळहातावर ते बूच होतं, तेलानं काळं ठिक्कर पडलेलं, आणि ते त्याच्याकडे नुसते पाहत होते. काकूंनी एका नजरेत ओळखलं. 

त्यांनी क्षणभरही वेळ घालवला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ते मी घातलं होतं."

वस्ताद हसायचा थांबला. काकांनी मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, काही नव्हतं. ते हळूच हसले.

"चष्माही तूच ठेवलास फ्रिजवर," काका म्हणाले. "दूधही तूच उतू घालवलंस. नळही तुझाच. मला काय कळत नव्हतं का गं?"

काकूंनी सगळं सांगितलं. कमिटी, थेंब, औषधाची बाटली, फडक्याची चिंधी. शेवटी म्हणाल्या, दोरा बघा ना, तुम्ही घातलं असतं तर दोरा नसता का? आपण जिंकलो, असं त्यांना वाटलं. काकांनी बूच उलटसुलट करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा आणखीच पडला. दोरा बांधायलाही विसरलो, एवढंच ते म्हणाले.

"अहो, मला माहीतच नव्हतं ती नळी कशाची ते!"

"तुला? किती वेळा दाखवली मी. तूच तर बॅटरी धरून बसायचीस, हं हं म्हणायचीस. तुला पक्कं माहीत होतं, ती बुजवायची नसते."

काकू म्हणाल्या, मी ऐकत नव्हते. कधीच ऐकत नव्हते. नुसती मान डोलवायचे. भाजीचा विचार करायचे. हे बोलताना त्यांना रडू फुटलं, कारण बोलणं खरं होतं आणि ते असं, परक्या माणसासमोर, या वेळी सांगावं लागत होतं. काका उठले. त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ज्या आवाजात ते वडिलांशी बोलायचे नेमक्या त्याच आवाजात म्हणाले, बरं बरं. वस्ताद चहा न घेताच निघाला. जाताना जिन्याशी काकूंना हळूच म्हणाला, वहिनी, तुमच्यासारखी बायको मिळायला भाग्य लागतं. काकूंना वाटलं, याच्या तोंडावर ट्रे फेकून मारावा.

त्या दिवसापासून गाडी कोरडी ठणठणीत झाली. मागून नाही, पुढून नाही, पुठ्ठ्यावर डाग नाही. इंजिन असं चाले की मांजर गुरगुरावं. आणि काकांनी किल्ली काढून जेवणाच्या टेबलावर काकूंसमोर ठेवली.  काकूंनी ती त्यांच्या खिशात घातली, त्यांनी पुन्हा टेबलावर ठेवली. असं बरेच दिवस चाललं. मग एक दिवस वस्ताद येऊन गाडी घेऊन गेला. काका गॅलरीत उभे राहिले होते, गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत.

काकूंनी मुलीला फोन केला. तिला सांगितलं की तुझ्या बाबांना तू तरी सांग, ते मी केलं होतं.  मुलगी म्हणाली, आई, बाबांना तू असं पाठीशी घालत राहिलीस म्हणून तर इतके दिवस आम्हाला कळलं नाही. काकू रिसीव्हरकडे बघतच बसल्या. मुलगी आली, बाबांना मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी चित्रं दाखवली, उलटे आकडे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं, आणि सांगितलं की काही झालेलं नाही, वयाच्या मानानं उत्तम. काकूंना वाटलं, सुटलो एकदाचे. परतताना रिक्षात काका कानाशी वाकून म्हणाले, डॉक्टरांनाही आधी भेटून आली होतीस ना? मुलगी दुसऱ्या बाजूला बाहेर बघत होती.

आता ते सगळं विचारतात. गोळी घेतली का मी? आज कोण आलं होतं ते तू सांगितलंस, की माझं मला आठवलं? चांगला धडधाकट माणूस, आठवतंय सगळं, पण स्वतःच्या आठवणीला हात लावायला घाबरतो. आणि काकूंनी उत्तर दिलं की ते घटकाभर त्यांच्या तोंडाकडे बघत राहतात. विश्वास ठेवायचा तर आहे, ठेवायचा कसा, हे कळत नाही, असं ते बघणं असतं. काकू आताशा खोटं बोलत नाहीत. एकही नाही. चष्मा हरवला तर सांगतात, तुम्हीच ठेवलात फ्रिजवर. त्यावर ते खूश होतात, म्हणतात, आज खरं बोललीस.

परवा संध्याकाळी दोघं फिरायला निघाली. काकूंनी दाराला कुलूप लावलं, ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली. फाटकाशी आल्यावर काका थांबले.

"कुलूप कुणी लावलं?"

"मी लावलं."

त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं. मग मागे फिरले आणि जिना चढू लागले. गुडघे दुखतात त्यांचे, कठड्याला धरून चढावं लागतं. काकू म्हणाल्या, अहो, लावलंय, खरंच लावलंय. पण ते ऐकायला थांबले नाहीत. खाली उभ्या असलेल्या काकूंना पावलं ऐकू आली, मग वरच्या मजल्यावर कुलूप ओढून पाहिल्याचा आवाज, एकदा, पुन्हा एकदा. बऱ्याच वेळानं काका खाली आले. दम लागला होता.

"लावलेलं आहे," ते म्हणाले, आणि डोळे भरून आले त्यांचे. "पण मी लावल्याचं मला काही केल्या आठवत नाही."

आठवणार कसं? लावलं होतं काकूंनी. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग नवऱ्याचा हात धरला आणि म्हणाल्या, चला, उशीर होतोय.